आधी उंबरठा तपासा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणारे हे गृहस्थ 54 वर्षांचे, मूळचे कोल्हापूरचे. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं, हे स्वतः मात्र 25 वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहेत. समोरच्या घरातले वृद्ध इंग्रज शेजारी दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची 1973 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे पक्कं छप्पर नसलेली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 2007 पासून गराजमध्ये उभी होती. शेजाऱ्यांच्या पत्नीने ती यांना 1,500 पौंडांना दिली. आजारपणात शेजारी यांना म्हणाले होते, "ती रस्त्यावर राहू दे." एका वर्कशॉपने संपूर्ण रिस्टोरेशनचं 28 हजार पौंडांचं कोटेशन दिलं आहे. यांनी बाजूला काढलेत 12 हजार. मुलगा पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीत जाणार. पत्नी विचारते, "हे कधी संपणार?" यांचं म्हणणं असं की जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाव चढतच आहेत, नव्यासारखी केली की सगळे पैसे निघतील. तर कर्ज काढून काम पूर्ण करून घ्यावं, की गाडी विकून मोकळं व्हावं?

आधी पैशांचं बोलून घेऊ, कारण पत्राचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: नव्यासारखी केली की पैसे निघतील. एमजीबीत ते निघत नाहीत. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त बाहेर पडल्या. बऱ्याच अमेरिकेला गेल्या, तरी इंग्लंडात आजही मुबलक आहेत. नीट चालणारी, क्रोम बंपरची रोडस्टर साधारण 10 ते 15 हजार पौंडांत मिळते. चार दिवस जाहिराती चाळा, तुमच्याही लक्षात येईल. भाव गगनाला भिडल्याच्या बातम्या येतात त्या जग्वार ई-टाइपच्या किंवा ऑस्टिन-हीली 3000 च्या. 28 हजार ओतून, वर कर्जाचं व्याज भरून तुमच्या हातात येईल ती मात्र एमजीबीच, आणि विकायला काढलीत तर घालवलेल्यातले बरेच पैसे बुडालेले असतील.

याच पाच लाख गाड्यांचा तुम्हाला एक मोठा फायदाही आहे. इतक्या गाड्या असल्यामुळे हिचे सुटे भाग मिळण्याची चिंता नाही. रबरी ग्रोमेटपासून पूर्ण शेलपर्यंत, म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या अख्ख्या सांगाड्यापर्यंत, सगळं नवं मिळतं. ऑक्सफर्डशायरमध्ये विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळच्या साच्यांवरून एमजीबीचे अख्खे बॉडी-शेल बनवते, 1988 पासून. 50 वर्षांपूर्वीच्या किती गाड्यांचं असं सांगता येईल?

मग पैसे जातात कुठे? मजुरीत. पत्र्याचं काम, वेल्डिंग, रंगाची तयारी याला 200 तास लागणं अजिबात जास्त नाही. तासाला 60 पौंड धरले तर 12 हजार, त्यावर 20 टक्के व्हॅट म्हणजे आणखी 2,400. तुमचे बाजूला काढलेले पैसे इथेच संपले आणि इंजिनाला अजून कोणी हात लावलेला नाही. त्यामुळे 28 हजारांचं कोटेशन मला फुगवलेलं वाटत नाही. उलट, गंज उघडा पडल्यावर आकडा वर जाईल असंच मी धरून चालेन.

म्हणून गुंतवणूक हा शब्द बाजूला ठेवा. घरच्या लग्नात किंवा दर वर्षीच्या गणपतीत आपण खर्च करतो तेव्हा परतावा किती, असं कोणी विचारत नाही. झेपेल तेवढा खर्च करतो आणि आनंदाने करतो. या गाडीला तोच नियम लावा. परत एक पै येणार नाही असं धरून किती घालवायची तुमची तयारी आहे? मुलाच्या शिक्षणाला धक्का न लावता, कर्ज न काढता? तो आकडा 12 हजार असेल तर 12 हजार. सहा असेल तर सहा. त्या आकड्यात काय बसतं ते आता बघू.

इथे शेजाऱ्यांचं वाक्य परत वाचा. "ती रस्त्यावर राहू दे." तुम्ही पुढे लिहिता की त्यांना शब्द दिल्यामुळे ती नव्यासारखी केलीच पाहिजे. नव्यासारखी कर, असं ते म्हणाले नव्हते हो. चालती गाडी आणि प्रदर्शनातली गाडी यांत 20 हजार पौंडांचं अंतर आहे, आणि ते अंतर तुम्ही स्वतःहून अंगावर घेतलं आहे. रंग फिका आहे, सीटचं शिवण उसवलं आहे, बोनेटवर शेजाऱ्यांच्या काळचा पोचा आहे, तरी गाडी रस्त्यावर राहते. ब्रेक लागत नसतील तर मात्र राहत नाही. आणि सिल गंजले असतील तर राहू नये.

सिलबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा निर्णय तिथे आहे, कोटेशनच्या कागदात नाही. सिल म्हणजे दाराखालचा उंबरठा. या गाडीला वेगळी चासी नाही. शेल हाच सांगाडा. रोडस्टरला वर छपरही नाही, त्यामुळे पुढचं धड आणि मागचं धड यांना जोडून धरण्याचं काम मुख्यतः हे दोन उंबरठे करतात. बाहेरून एकच पट्टी दिसते, पण आत थर आहेत: बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा, आतला सिल, आणि खालून बंद करणारी कॅसल रेल. पाणी आणि थंडीतलं रस्त्यावरचं मीठ आत शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर बुडबुडा दिसेपर्यंत आतलं बरंचसं गेलेलं असतं. बाहेरचा सिल समोरच्या विंगच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आडही जातो, म्हणून नीट बदलायचा तर विंग काढावी लागते. घाईत काम उरकणारे लोक दिसणाऱ्या भागावर कव्हर सिल चिकटवतात, वर लांबी (पुट्टी) भरतात आणि रंग मारतात. असा चकचकीत उंबरठा तुमच्याही गाडीला असू शकतो.

एक छोटं, हलकं लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा आणि सिलवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. मग दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट बघा. गाडी जॅकवर उचलून तीच फट पुन्हा बघा. वर निमुळती झाली किंवा दार अडकायला लागलं, तर शेल मधून बसतंय. त्यानंतर शंभरेक पौंड खर्च करून एमजीच्या जाणकार मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा आणि त्याला खालून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघू दे. फ्लोअर, मागच्या स्प्रिंगचे हँगर, सीटच्या मागचे बॅटरीचे खोके, सगळं. कोटेशन देणाऱ्यांनी हे केलं होतं का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही.

आमच्या घरी या उंबरठ्याने चांगलंच रडवलं. माझ्या नवऱ्याची 1971 ची रोडस्टर आम्ही एका वर्कशॉपला दिली होती. त्यांनी दाराच्या चौकटीत आधाराची सळई न लावता दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापले. शेल मधून खाली बसलं आणि नवे सिल त्याच बसलेल्या अवस्थेत वेल्ड झाले. गाडी घरी आली तेव्हा रंग आरशासारखा होता आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार लागत नव्हतं. मी त्या दाराला खांदा लावून उभी होते, आणि नवरा काही न बोलता फटीत बोटं घालून ती मोजत होता. पुन्हा सगळं कापावं लागलं. वर 4 हजार पौंड आणि 11 महिने. तेव्हापासून कोणी वर्कशॉप निवडायला निघालं की मी एकच प्रश्न विचारायला सांगते: सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीला आधार कसा देणार, आणि दोन्ही बाजू एकदम कापणार का? उत्तर द्यायला जो अडखळतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

आता तुमच्यापुढच्या वाटा. सिल पार गेले असतील तर मी पूर्ण कामाच्या नादी लागणार नाही. अशी गाडी आहे तशी, खरं सांगून, स्वतः वेल्डिंग येणाऱ्या कोणाला तरी विकावी. त्याचे तास फुकट असतात, म्हणून त्याला ती परवडते. यात शेजाऱ्यांचा शब्द मोडला असं मला वाटत नाही. गाडी रस्त्यावर जाईल, फक्त दुसऱ्याच्या हातून. तुम्हाला एमजीबीच हवी असेल तर त्या 12 हजारांत दुसऱ्या कोणी भरपूर पैसे ओतून तयार केलेली घ्या. व्यवहार म्हणून सर्वांत शहाणपणाची वाट हीच.

पण सिल ठीक असतील, किंवा एकाच बाजूला थोडं काम असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: रिस्टोरेशन विसरा आणि गाडी चालू करा. आधी ब्रेक, टायर, पेट्रोलची लाइन, वायरिंग. एक उन्हाळा चालवा. मग दर हिवाळ्यात एक काम घ्या, यंदा सीट, पुढच्या वर्षी हूड, म्हणजे वरचं कापडी छप्पर. आम्ही दुसऱ्या खेपेला असंच केलं. रस्त्यावर आणण्यापुरते पार्ट्स 3 हजार पौंडांच्या आत बसले, कारण बहुतेक काम आम्ही दोघांनी केलं. ज्यांनी गाडी आधी पूर्ण उघडली आणि पेट्या भरून ठेवल्या, त्यातल्या कितीतरी पेट्या तशाच विकल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. सुटी केलेली गाडी मन खचवते. चालती गाडी पुढच्या कामाला बळ देते.

कामाचं म्हणाल तर तुम्ही स्वतःला कमी लेखताय. लेथवर वाढलेल्या मुलाला पाना कसा धरायचा आणि नट कुठवर आवळायचा हे हाताला ठाऊक असतं. वेल्डिंग येत नसेल तर शिका. मी स्वतः 47 व्या वर्षी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात मिग वेल्डिंग शिकले. सिल मी केले नाहीत, ते जाणकाराचं काम. पण फ्लोअरचा पॅच माझा आहे आणि अजून धरून आहे.

तुमच्या पत्नीबद्दल. त्यांनी विचारलं, "हे कधी संपणार?" तुम्ही उत्तर दिलंत, पैसे निघतील. त्यांनी पैशांचं विचारलंच नव्हतं. मी त्या जागेवर होते म्हणून सांगते: गाडीवर माझा राग नव्हता. रविवार कोणाला न विचारता गेले, बिलं ड्रॉवरच्या तळाशी सापडली, आणि प्रत्येक वेळी "आता थोडंच राहिलंय" एवढंच ऐकायला मिळालं, राग त्याचा होता. आमचं गाडं रुळावर आलं ते एका वहीमुळे. शंभर पानी साधी वही, फ्रीजवर ठेवलेली. प्रत्येक बिल त्यात, अगदी 2 पौंडांचा वॉशरसुद्धा. महिन्याचा आकडा आधी ठरलेला, आणि महिन्यातले दोन रविवार गाडीचे, दोन घराचे. कधी संपणार याचं खरं उत्तर "कधीच नाही" असं आहे. ते त्यांना आजच सांगा, आणि पहिला टप्पा कधी संपेल याची तारीखही सांगा. तारखेला माणूस हो म्हणू शकतो.

आता खर्चाइतकंच आनंदाबद्दलही लिहायला हवं. या गाडीला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर आहेत. आम्ही ते काढून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून साफ केले. वरची घंटेसारखी टोपी काढली की आत एक गुळगुळीत पिस्टन आणि त्याला लटकलेली बारीक पितळी सुई. सगळं पुसून परत बसवायचं, डँपर न लावता पिस्टन बोटाने वर उचलायचा आणि सोडायचा. नीट बसला असेल तर खाली टेकताना स्पष्ट "टक" असा आवाज येतो. अडकत असेल तर येत नाही. माझी मुलगी तेव्हा 13 वर्षांची होती. तो "टक" ऐकायला तिने पिस्टन वीस वेळा तरी उचलला असेल.

वायरिंगही तिनेच लावलं. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगला लोक उगाच नावं ठेवतात. बहुतेक दोष अर्थिंगच्या गंजलेल्या जोडांचे असतात, ते घासून साफ केले की निम्मे दिवे परत लागतात. शिवाय त्या वायरींच्या रंगांची एक भाषा आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, काळी म्हणजे अर्थिंग, लाल साइड लाइटची, निळी हेडलाइटची, जांभळी फ्यूजमधून कायम चालू असलेली, हॉर्नसारख्या गोष्टींची. ही भाषा एकदा आली की त्या काळातली जवळजवळ कुठलीही ब्रिटिश गाडी वाचता येते. शेजारच्या रस्त्यावर एकांची ट्रायम्फ स्पिटफायर बंद पडली होती, तिचा फॉल्ट माझ्या मुलीने रंगांवरून शोधला.

आणि पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हाचं. इंजिन लगेच सुरू करायचं नसतं. चावी फिरवली की मागून, सीटच्या पाठीमागच्या कोपऱ्यातून, पेट्रोलचा पंप टिकटिकायला लागतो: टक-टक-टक-टक, भराभर. मग कार्बोरेटरच्या वाट्या भरत आल्या की टिकटिक मंदावते आणि थांबते. 14 वर्षांनी आमच्या गाडीत ती टिकटिक थांबली तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्याने स्टार्टर मारला.

ट्रायम्फ स्पिटफायर, एमजी मिजेट किंवा ट्रायम्फ टीआर6 घेऊन बसलेल्या वाचकांनाही हेच गणित लागू आहे. तपासायच्या जागा तेवढ्या बदलतात. स्पिटफायर आणि टीआर6 ला खाली वेगळी चासी असते, म्हणून तिथे आधी चासी आणि मग सिल. मिजेटमध्ये एमजीबीसारखेच उंबरठे.

कागदांचंही आताच मार्गी लावा. लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र) तुमच्या नावावर झालं नसेल तर करून घ्या, आणि गाडी उभी आहे तोवर सॉर्न, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही अशी सरकारी नोंद, असायलाच हवं. 40 वर्षांवरची गाडी हिस्टॉरिक वर्गात नोंदली की रोड टॅक्स लागत नाही, आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणीही नाही. पण सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारी तुमचीच राहते, म्हणून पहिल्या वर्षी स्वतःहून एमओटी करून घ्या. तिऱ्हाईताच्या नजरेचे ते सर्वांत स्वस्त पैसे. विमा घेताना किंमत आधी ठरवून घेणारी पॉलिसी घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी ठरवेल ती किंमत. पेट्रोल ई5, म्हणजे कमी इथेनॉलचं, भरा. 2021 च्या सप्टेंबरपासून इथलं साधं पेट्रोल ई10 झालं, आणि त्यातलं जास्तीचं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. पाइप तसेही सगळे बदलायचेच आहेत.

शेजारीणबाईंकडे एकदा चहाला जा आणि गाडीची फाइल विचारा. अशा माणसांकडे फाइल असतेच, कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये, जुन्या एमओट्या आणि बिलांसकट. त्यात दोन गोष्टी शोधा. सिलचं काम पूर्वी कधी झालंय का, आणि सिलिंडर हेड बिनशिशाच्या पेट्रोलसाठी बदललं होतं का. शिशाचं पेट्रोल 1999 अखेर बंद झालं आणि ही गाडी त्यानंतरही सात वर्षं चालली आहे, म्हणजे काहीतरी केलेलं असणार. फाइल नसली तरी बाईंना विचारा. डावीकडच्या सीटवर त्या कितीतरी वर्षं बसल्या असतील. गाडी कुठे कुरकुरायची हे त्यांना ठाऊक असेल. ॲबिंग्डन तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे. एमजी कार क्लबचं ऑफिस तिथेच आहे. जाऊन या, पत्नीलाही न्या. गाडी बनली त्याच गावात.

येत्या शनिवारी एवढंच करा. स्टार्टरला हात लावू नका. 18 वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाच्या रिंगा कोरड्या असतात, फिरवलंत तर ओरखडे पडतील. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. रविवारी सकाळी हँडब्रेक सोडून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि तुम्ही व मुलगा मिळून मागून हलकेच ढकला, पुढे-मागे. प्लगच्या भोकांतून फुस्स आवाज आला तर इंजिन मोकळं आहे. चाकंच हलली नाहीत तर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकला. तरीही हलली नाहीत तर बहुधा मागचे ब्रेक धरलेत, घाबरू नका, ॲडजस्टर सैल करून परत बघा; न्यूट्रलमध्ये हलली तर इंजिन अडकलंय. काय झालं ते मला लिहा, आणि चुंबक कुठे कुठे धरलं नाही तेही.